हिरवे कार्ड आणि शेवटचा नळ : एका गावाच्या साथरोग जोखीम-पाहणीच्या नोंदी

सोमवार, ७ एप्रिल २०२५

आज प्रकल्पाला सुरुवात केली. सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा भाग म्हणून नीरा खोऱ्यातल्या एका गावात साथरोगांची जोखीम किती आहे आणि ती नेमकी कुठे आहे, हे साडेतीन महिन्यांत पाहायचे आहे. गावाचे नाव या नोंदींत लिहिणार नाही, कारण इथे ज्या उणिवा दिसतील त्या आसपासच्या गावांतही कमी-अधिक प्रमाणात असणार आणि एकट्या या गावाकडे बोट दाखवणे अन्यायाचे होईल. गावठाण, त्याला लागून नवी आळी, ओढ्यापलीकडची खालची वस्ती आणि मळ्यांत विखुरलेली घरे असा गावाचा पसारा आहे. पालखी मार्ग जवळच असल्यामुळे आषाढी वारीच्या काळात दोन दिंड्या शाळेत मुक्कामाला उतरतात.

ग्रामपंचायतीच्या भिंतीवर हिरवे कार्ड चौकटीत बसवून लावले आहे. आपल्या राज्यात पाणीस्रोतांचे स्वच्छता सर्वेक्षण पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर असे वर्षातून दोनदा होते आणि त्यातल्या गुणांनुसार तीव्र जोखमीला लाल, मध्यम जोखमीला पिवळे आणि सौम्य जोखमीला हिरवे कार्ड मिळते. सलग पाच वर्षे हिरवे कार्ड राखले आणि साथ उद्भवली नाही तर चंदेरी कार्ड दिले जाते, आणि सरपंचांचे लक्ष आता त्याच्याकडे लागले आहे. मार्गदर्शक मॅडमनी मात्र पहिल्याच दिवशी बजावले की कार्डावर काय लिहिले आहे ते नीट वाचा. ते पाण्याच्या स्रोताविषयी बोलते, गावाविषयी नाही.

जोखीम मोजायची म्हणजे रोग येईल की नाही एवढाच अंदाज बांधायचा नाही. जंतू गावात कोणत्या वाटेने शिरेल, शिरल्यावर किती माणसांपर्यंत पोचेल, ती माणसे त्याला कितपत तोंड देऊ शकतील आणि साथ उठलीच तर ती किती दिवसांत कोणाच्या लक्षात येईल, या चारही प्रश्नांची उत्तरे एकत्र ठेवायची आहेत. सगळ्या रोगांमागे धावण्यात अर्थ नाही, म्हणून तीनच गट धरले: दूषित पाण्यातून येणारे अतिसार व कावीळ, डासांमुळे होणारा डेंग्यू, आणि लसीने टळणारा गोवर.

बुधवार, ९ एप्रिल

स्रोत पाहिला. ओढा नदीला मिळतो त्याच्या वरच्या अंगाला गावाची विहीर आहे. कठडा पक्का आहे, जाळी आहे, आसपास उकिरडा नाही. विहिरीवरून पाणी ५० हजार लिटरच्या उंच टाकीत चढते आणि तिथून गावात सुटते. टाकी मार्चमध्ये धुतल्याची तारीख टाकीच्या खांबावर रंगवलेली आहे. हिरवे कार्ड मिळण्यात काहीही गैर झालेले नाही, हे स्पष्ट लिहून ठेवतो.

जलसुरक्षक म्हणून काम करणाऱ्या गृहस्थांना सारे गाव नाना म्हणते, मीही तसेच म्हणू लागलो. टीसीएल पावडर (पाणी जंतुमुक्त करणारी ब्लीचिंग पावडर) कशी टाकता, असे विचारल्यावर त्यांनी ती कृतीच करून दाखवली. बादलीत पावडर घेऊन आधी थोड्या पाण्यात लाकडी दांड्याने घोळली, मग बादली भरली, गाळ खाली बसू दिला आणि वरची निवळी तेवढी टाकीत ओतली. गाळ टाकीत जाऊ दिला नाही. ही पद्धत अगदी बरोबर आहे. हजार लिटरला ५ ग्रॅम या हिशेबाने ५० हजार लिटरला २५० ग्रॅम पावडर लागते; नानांचे माप म्हणजे स्टीलची एक वाटी शिगोशीग. किराणा दुकानातल्या काट्यावर ती वाटी तोलून घेतली, ती जवळपास बरोबर भरली.

अडचण पावडरीतच असावी, असा संशय गोदाम पाहताना आला. पोती मोटारीच्या खोलीत ओल्या फरशीवर टेकवून ठेवली आहेत, एका पोत्याचे तोंड सुतळीने सैल बांधलेले आहे, आणि शेजारच्या स्टार्टरच्या पेटीवर हिरवा-पांढरा गंज चढला आहे. तो गंज पावडरीतून सुटणाऱ्या क्लोरीनचा असणार. जो क्लोरीन धातू खातो आहे तो पाण्यात जायला हवा होता. नमुना तपासणीला पाठवला.

गुरुवार, १० एप्रिल

सकाळी पाणी सुटल्यावर सहा ठिकाणी ओटी तपासणी केली. ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकले की पाण्यात शिल्लक असलेल्या क्लोरीनप्रमाणे पिवळा रंग येतो. तो रंग ताबडतोब पाहावा लागतो, कारण पाच-दहा मिनिटे थांबले तर इतर संयुगांत अडकलेला क्लोरीनही रंग दाखवतो आणि आकडा फुगतो. टाकीजवळ रंग ठसठशीत होता, गावठाणात ०.२ पीपीएम (म्हणजे लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम) मिळाला, नव्या आळीत फिकट झाला, आणि ओढा ओलांडून खालच्या वस्तीत गेल्यावर परीक्षानळीतले पाणी पाण्यासारखेच राहिले.

त्या वस्तीतला अगदी शेवटचा नळ जमिनीच्या खाली आहे. दाब पुरत नाही म्हणून तिथल्या लोकांनी गुडघाभर खड्डा खणून, तळाला फरशीचा तुकडा टाकून, त्यात नळ उतरवून घेतला आहे. नळाला तोटी नाही. पाणी बंद झाल्यावर खड्ड्यात साचलेले पाणी नळाच्या तोंडाला लागून उभे राहते. शेजारच्या घरातल्या मावशी कळशी घेऊन खड्ड्यात उतरल्या होत्या. त्या म्हणाल्या, “पहिलं पाणी गढूळ येतं, त्याला वास असतो. दोन कळश्या ओतून देतो आन् मग भरतो.” हे किती दिवसांपासून, असे विचारले तर त्यांनी हाताने बरेच दिवस झाल्याची खूण केली.

त्या दोन कळश्यांतच आजच्या दिवसाचे सगळे निदान होते. पाणी रोज ४५ मिनिटे येते आणि उरलेला वेळ जलवाहिनी रिकामी असते. रिकाम्या वाहिनीत भोवतालचे पाणी गळतीच्या जागांतून आत ओढले जाते आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या लोंढ्याबरोबर ते शेवटच्या नळाला बाहेर पडते. मावशींनी ते प्रयोगशाळेच्या कितीतरी आधी ओळखले होते.

मंगळवार, १५ एप्रिल

नाना आणि आरोग्यसेवक यांच्यासह जलवाहिनीच्या कडेकडेने चाललो. टाकीपासून ओढ्यापर्यंत ठीक आहे. ओढ्यावर फरशी पूल आहे आणि गावठाणाचे सांडपाणी तिथेच ओढ्यात सुटते. पाण्याची वाहिनी पुलाच्या बाजूने, त्या सांडपाण्याच्या प्रवाहातूनच सुमारे तीस मीटर गेली आहे. पुलाच्या अलीकडे व्हॉल्व्हची पेटी आहे. तिचे झाकण केव्हाच गेले असून आत घोट्याएवढे काळे पाणी होते. नानांनी पाणी सोडण्यासाठी त्या पाण्यात हात घालून चावी फिरवली. व्हॉल्व्हच्या ग्रंथीतून, म्हणजे दांड्याभोवतीच्या भरणीतून, पाणी बारीक झिरपत होते. दाब असतो तेव्हा ते बाहेर येते, दाब गेला की बाहेरचे आत जाते.

त्यावर नव्या आळीतल्या मोटारींची भर पडते. पाणी आले की सरळ नळालाच मोटार लावून गच्चीवरच्या टाक्या भरल्या जातात. मी एका गल्लीत मोटारींचे आवाज मोजले, ते पाच होते. वरच्या आळीत मोटारी ओढू लागल्या की खालच्या वस्तीतला दाब शून्याखाली जातो आणि वाहिनीच सांडपाणी शोषून घेते. नव्या आळीतल्या कोणाच्याही मनात वाईट नाही; प्रत्येक घराला आपली टाकी भरायची आहे, एवढेच.

सिंहगड रस्त्यावरच्या नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत यंदा जानेवारीत गीयाँ-बारे (जीबीएस) या नसांच्या आजाराचे रुग्ण वाढले, पुण्याच्या परिसरात मिळून संशयित रुग्णांची संख्या २०० च्या वर गेली आणि अनेकांच्या शौच नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जंतू सापडला. तेव्हापासून इथले लोकही ‘ते जीबीएस’ म्हणून विचारतात. त्यांना सांगितले की तो आजार जंतुसंसर्गानंतर मोजक्या जणांना होतो, पण संसर्गाची वाट हीच आहे. ऐकणाऱ्यांपैकी दोघे लगेच पुलाकडे बघायला गेले.

मंगळवार, २२ एप्रिल

पावडरीचा अहवाल आला: उपलब्ध क्लोरीन १७ टक्के. चांगल्या पावडरीत तो ३३ टक्क्यांच्या आसपास असतो आणि २० टक्क्यांखालची पावडर वापरायला अयोग्य धरतात. नानांच्या २५० ग्रॅम पावडरीने ५० हजार लिटर पाण्यात लिटरमागे १.६५ मिलिग्रॅम क्लोरीन जायला हवा, तो प्रत्यक्षात ०.८५ जातो. माप बरोबर, पद्धत बरोबर आणि तरीही मात्रा निम्मी. ग्रामसेवकांना लेखी कळवले. पोती लाकडी फळ्यांवर, कोरड्या खोलीत, भिंतीपासून दूर ठेवण्याचे मान्य झाले आणि नवी पावडर मागवण्याचे ठरले.

सोमवार, २८ एप्रिल

आजचा दिवस गोवरासाठी दिला. उपकेंद्राची लसीकरण नोंदवही चोख आहे, आणि आशाताईंना प्रत्येक बाळाची जन्मतारीख तोंडपाठ आहे. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नवव्या महिन्यानंतर आणि दुसरा सोळाव्या महिन्यानंतर. नोंदवहीतल्या जवळपास सगळ्या मुलांचे दोन्ही झालेले आहेत. त्यावर समाधान मानून उठणार तेवढ्यात आशाताईंनीच सांगितले की शिवाराच्या कडेच्या वीटभट्ट्यांवरची मुले या वहीत नाहीत.

ऊसतोडीच्या टोळ्या गाळप संपल्याने परत गेल्या आहेत, वीटभट्ट्या मात्र पावसापर्यंत चालतात. दुपारी आम्ही दोघे तिथे गेलो. कच्च्या विटांच्या चार फूट उंच खोल्या, वर पत्रे, दारात प्लास्टिकच्या ड्रममध्ये पाणी. नऊ महिने ते पाच वर्षे वयाची १४ मुले मोजली. पाच जणांच्या आयांनी पेटीतून कार्डे काढून दाखवली. एकीने ते प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी पत्र्याच्या डब्यात आणि डबा कपड्यांच्या तळाशी असे जपून ठेवले होते. उरलेल्या नऊ जणांच्या बाबतीत “गावाकडं दिलं असंल” एवढेच उत्तर मिळाले.

गोवराचा एक रुग्ण, कोणालाच प्रतिकारशक्ती नसलेल्या समाजात, साधारण १२ ते १८ जणांना रोग देतो असे धरले जाते. या आकड्यांवरून हिशेब केला तर साथ रोखायला ९२ ते ९४ टक्के लोकांना प्रतिकारशक्ती असावी लागते, म्हणून ९५ टक्के लसीकरणाचे उद्दिष्ट ठेवतात. त्यातही नवव्या महिन्याच्या एका डोसने साधारण ८५ टक्के मुलांनाच संरक्षण मिळते; म्हणजे एकच डोस ९० टक्के मुलांना दिला तरी सुरक्षित मुले ७६-७७ टक्केच होतात. दुसऱ्या डोसची गरज यातून कळते. गावाची टक्केवारी काढताना छेदात भट्टीवरची मुले धरलेलीच नसतील तर ती ९८ आली काय किंवा १०० आली काय, तिचा उपयोग नाही, कारण गोवर सरासरीत शिरत नाही, तो लस न घेतलेल्या मुलांच्या घोळक्यात शिरतो. २०२२ च्या हिवाळ्यात मुंबईत गोवंडीच्या दाट वस्तीत हेच झाले होते.

मंगळवार, २९ एप्रिल

आरोग्यसेविकेने कालच्या यादीवरून आज भट्टीवरच लसीकरण सत्र घेतले. पुरावा नसलेल्या सगळ्या मुलांना डोस दिला गेला. लस आधी घेतली असली तरी पुन्हा घेतल्याने नुकसान नाही, हे आयांना समजावण्यात अर्धा तास गेला आणि तो सार्थकी लागला.

मंगळवार, ६ मे

साथ किती लवकर कळेल, हा प्रश्न आज हाती घेतला. देशातली रोग सर्वेक्षण व्यवस्था तीन जणांच्या नोंदींवर उभी आहे: आरोग्य कर्मचाऱ्याला लक्षणांवरून दिसलेले रुग्ण, डॉक्टरने निदान केलेले संभाव्य रुग्ण आणि प्रयोगशाळेने खात्री केलेले रुग्ण. २०२१ पासून या नोंदी संगणकावर होतात. पण या गावातला माणूस जुलाब लागले की आधी घरी लिंबू-साखर-मीठ घेतो, मग मेडिकलमधून गोळी, मग गावातल्या खासगी डॉक्टरांकडे आणि सलाईन लावायची वेळ आली तरच प्राथमिक आरोग्य केंद्रात. म्हणजे सरकारी नोंदीत येतो तो या वाटेच्या शेवटच्या टोकाचा माणूस, आणि तोपर्यंत साथीचे चार-पाच दिवस निघून गेलेले असतात.

त्यामुळे मेडिकल दुकानदारांना विनंती केली की ओआरएसची पाकिटे आणि जुलाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांची रोजची नुसती संख्या आणि वस्ती वहीत लिहावी, नाव लिहू नये. ते तयार झाले. मागच्या बिलांवरून त्यांनी अंदाज दिला की उन्हाळ्यात दिवसाला एक-दोन गिऱ्हाइके असतात. इतक्या लहान आकड्यांवर सरासरी आणि प्रमाण विचलनाचे मोठे गणित मांडणे फसवे ठरते, म्हणून साधी खूण ठरवली: एका दिवसात एकाच वस्तीतून तीन वेगवेगळ्या घरांतले लोक आले तर फोन करायचा. खूण ढोबळ आहे, चार वेळा खोटी निघाली तरी चालेल.

बुधवार, १४ मे

डासअळ्यांसाठी ५० घरांची पाहणी केली. चार घरांत एकूण सहा भांड्यांत एडिसच्या, म्हणजे डेंग्यू पसरवणाऱ्या डासाच्या, अळ्या मिळाल्या. म्हणजे घर निर्देशांक (शंभर घरांमागे अळ्या असलेली घरे) ८ आणि ब्रेटो निर्देशांक (शंभर घरांमागे अळ्या असलेली भांडी) १२. रांजण, गुरांच्या पाण्याचे सिमेंटचे हौद, एका फ्रिजच्या मागचा ट्रे. पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला जुलै २०२१ मध्ये राज्यातला पहिला झिका रुग्ण आढळला तो याच डासामुळे, आणि बेलसर इथून फार लांब नाही, हे सांगितल्यावर लोक स्वतःहून रांजणाची झाकणे उचलून दाखवू लागले.

आठवड्याचा कोरडा दिवस पाळला जातो, पण भांडे नुसते उपडे करून पुन्हा भरतात. एडिसची अंडी पाण्याच्या रेषेवर भांड्याच्या आतल्या भिंतीला चिकटतात आणि कोरडी राहूनही काही महिने जगतात, म्हणून भिंत काथ्याने घासल्याशिवाय कोरड्या दिवसाचा उपयोग अर्धाच होतो. एका आजींच्या रांजणात बॅटरीचा उजेड टाकून पाण्याच्या रेषेवरचे काजळीसारखे बारीक ठिपके त्यांना दाखवले. आजींनी त्यावर बोट फिरवून पाहिले आणि लगेच सुनेला हाक मारून नारळाची शेंडी मागवली.

मंगळवार, २० मे

आतापर्यंतच्या माहितीवरून वस्तीवार तक्ता केला. पाण्यामुळे होणाऱ्या आजारांची जोखीम: गावठाणात कमी, नव्या आळीत मध्यम, खालच्या वस्तीत तीव्र. डेंग्यू: सगळीकडे मध्यम. गोवर: भट्टीवर मध्यम, इतरत्र कमी. अहवालाचा पहिला मसुदा मॅडमना पाठवला.

सोमवार, २६ मे

परवाचा तक्ता आज शिळा झाला. काल बारामती, फलटण, इंदापूर या भागांत अतिवृष्टी झाली, नीरा डावा कालवा बारामती तालुक्यात फुटला, आणि एरवी ११ जूनच्या सुमारास मुंबईत पोचणारा मोसमी पाऊस आजच पोचल्याचे हवामान खात्याने जाहीर केले. इथे रात्रभर पाऊस कोसळत होता. सकाळी पुलावर गेलो तर व्हॉल्व्हची पेटी दिसतच नव्हती. तिच्यावरून कमरेएवढे तांबडे पाणी वाहत होते. खालच्या वस्तीचा संपर्क दुपारपर्यंत तुटला होता.

उन्हाळ्यात केलेली जोखीम-पाहणी ही उन्हाळ्याची पाहणी असते, हे मी कागदावर वाचले होते. एप्रिलमध्ये ओढा कोरडा होता तेव्हा वाहिनीभोवती गावठाणाच्या सांडपाण्याची एक धार होती; आज तिच्यावर सगळ्या शिवाराचे, उघड्यावरच्या घाणीसकटचे पाणी आहे. वाहिनी तीच, गळती तीच, मात्र आत शिरणारा जंतूंचा भार अनेक पटींनी वाढला. पावसाळ्यापूर्वीच्या कामांसाठी आम्ही जूनचा पहिला आठवडा धरला होता आणि हाताशी असलेले पंधरा दिवस एका रात्रीत गेले.

दुपारी पाणी ओसरल्यावर आशाताई आणि मी खालच्या वस्तीत घरोघरी मेडिक्लोरच्या (पाण्यात टाकायच्या द्रव क्लोरीनच्या) बाटल्या वाटल्या. मावशींच्या खड्ड्यातला नळ चिखलाने भरला होता. त्यांनी हातपंपावरून पाणी आणले होते, पण हातपंपाचा ओटाही रात्री पाण्याखाली होता. ते पाणीही क्लोरीन टाकून अर्धा तास थांबल्याशिवाय प्यायचे नाही, असे सांगून निघालो. रांजणातून पाणी काढायला तिथल्या बहुतेक घरांत ओगराळे आहे, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू.

शुक्रवार, ३० मे

हातपंपाच्या आणि शेवटच्या नळाच्या पाण्याचे नमुने एच-टू-एस बाटल्यांत घेतले होते; पाण्यात विष्ठेतले जंतू असले तर या बाटल्या काळ्या पडतात. चोवीस तासांत दोन्ही बाटल्या काळ्याकुट्ट झाल्या. टाकीच्या पाण्याची बाटली तशीच राहिली. या तीन बाटल्या ग्रामपंचायतीच्या टेबलावर, हिरव्या कार्डाखाली, रांगेत ठेवल्या. सरपंच बराच वेळ बघत राहिले आणि मग त्यांनी विचारले, “खालच्या वस्तीला तोवर टँकर द्यायचा का?” तिथल्या तिथे तो निर्णय झाला.

सोमवार, ९ जून

डासअळ्यांची पाहणी त्याच ५० घरांत पुन्हा केली: १३ घरे, २१ भांडी. ब्रेटो निर्देशांक १२ वरून ४२ वर गेला. टायर, नारळाच्या करवंट्या, बांधकामाच्या टाक्या. अंड्यापासून डास व्हायला या हवेत सात ते दहा दिवस पुरतात. मोठ्या हौदांत गप्पी मासे सोडले, बाकीच्यांत अबेट हे अळीनाशक टाकले.

नवी टीसीएल पावडर आली, ती फळ्यांवर ठेवली आहे. व्हॉल्व्हची पेटी दीड फूट उचलून बांधली, तिला झाकण बसवले आणि ग्रंथी बदलली. तीस मीटर वाहिनी ओढ्यातून काढून पुलाच्या वरून नेण्याचे अंदाजपत्रक तालुक्याला गेले आहे. ते काम पावसाळ्यात होणार नाही. नव्या आळीतल्या मोटारींचा विषय ग्रामसभेत निघाला आणि आवाज चढले. शेवटी खालच्या वस्तीला आधी आणि नव्या आळीला नंतर, अशा दोन वेगळ्या वेळांना पाणी सोडण्यावर एकमत झाले. मोटारी बंद झाल्या नाहीत, पण त्या चालू असताना खालच्या वस्तीचा व्हॉल्व्ह बंद राहील.

मंगळवार, १७ जून

परवा, १९ तारखेला, ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून प्रस्थान ठेवेल. शाळेची टाकी धुतली, टँकर भरण्याच्या खासगी विहिरीत क्लोरीन टाकला, फिरती शौचालये ओढ्यापासून लांब उभी करायची जागा ठरवली. वारकऱ्यांमुळे रोग येतो असे काही जण बोलतात, ते मला पटत नाही. दिवसभर चालून आलेल्या शेकडो माणसांना गाव जे पाणी देते त्यावरच त्यांचे पंढरपूरपर्यंतचे पुढचे आठ-दहा दिवस अवलंबून असतात, म्हणजे जोखीम दोन्ही बाजूंनी आहे.

शनिवार, २८ जून

दोन्ही दिंड्या मुक्काम करून पुढे गेल्या. शाळेतल्या प्रत्येक नळाला दोन्ही वेळा ०.५ पीपीएम मिळाला. पहाटे निघण्यापूर्वी त्यांनी शाळेचे पटांगण झाडून दिले.

बुधवार, २ जुलै

सकाळी साडेनऊला मेडिकलमधून फोन आला: खालच्या वस्तीतल्या चार घरांतून लोक येऊन ओआरएस घेऊन गेले. आशाताई, आरोग्यसेवक आणि मी लगेच पोचलो. चोवीस तासांत तीन किंवा अधिक पातळ जुलाब, अशी व्याख्या ठरवून वस्तीतल्या ४१ ही घरांत विचारपूस केली आणि पाच घरांतले सात रुग्ण यादीत घेतले. सर्वात लहान दोन वर्षांचा मुलगा. त्याच्या पोटाच्या कातडीची चिमटीत धरलेली घडी सावकाश सपाट होत होती, ही शरीरातले पाणी कमी झाल्याची खूण, म्हणून त्याला आईसह लगेच आरोग्य केंद्रात पाठवले. बाकीच्यांना ओआरएस आणि मुलांना चौदा दिवसांसाठी जस्ताच्या गोळ्या दिल्या. तिघांचे शौच नमुने कॅरी-ब्लेअर माध्यमात (प्रयोगशाळेत पोचेपर्यंत जंतू टिकवणाऱ्या माध्यमात) घेतले.

पहिला रुग्ण ३० जूनच्या रात्रीचा, बाकीचे सगळे १ तारखेचे. एकाच वेळी, एकाच जलवाहिनीवर. मग टाकीवर ओटी केली: शून्य. गावठाणातही शून्य. म्हणजे या वेळी दोष ओढ्यातल्या वाहिनीचा एकटीचा नव्हता.

उलगडा संध्याकाळी झाला. नाना दरवर्षीप्रमाणे दिंडीबरोबर पंढरपूरला गेले आहेत. पाणी सोडण्याचे काम त्यांनी पुतण्याकडे दिले होते. रविवारी दिवसभर वीज नव्हती, टाकी भरली नाही, आणि लोकांची ओरड नको म्हणून त्या मुलाने सोमवारी पहाटे टाकी वगळून विहिरीचे पाणी थेट वाहिनीत सोडले. पावडर टाकीत टाकायची असते, आणि टाकीत तर पाणीच नव्हते. त्याने हे सारे सरळ आणि खरे सांगितले, आणि सांगताना त्याचा गळा दाटला होता. त्याला बोल लावणे चुकीचे आहे. निवळी करायला, वीज गेल्यावर काय करायचे हे सांगायला, त्याला कोणी बसवून शिकवले नव्हते, आणि मीही अडीच महिने नानांच्या वाटीचे वजन करत राहिलो पण नाना नसतील त्या दिवशी काय, हा रकाना माझ्या तक्त्यात नव्हता.

मेळघाटात २०२२ च्या जुलैमध्ये वीजबिल थकून नळयोजना बंद पडली आणि लोकांना उघड्या विहिरीचे पाणी प्यावे लागून कॉलरा पसरला, ते मी या प्रकल्पाच्या प्रस्तावनेत लिहिले होते. विजेचा आणि क्लोरीनचा संबंध मला माहीत होता. या गावाच्या बाबतीत तो मी तपासला नाही.

गुरुवार, ३ जुलै

टाकी भरून दुप्पट मात्रेने क्लोरीन दिला, वाहिनी धुऊन काढली. नवीन रुग्ण दोन, दोन्ही आधीच्याच घरांतले. दोन वर्षांचा मुलगा घरी परतला आणि आज खेळत होता.

मंगळवार, ८ जुलै

शौच नमुन्यांत कॉलऱ्याचे जंतू नाहीत. शुक्रवारनंतर नवीन रुग्ण नाही. काविळीसाठी मात्र पाहणी ऑगस्टअखेरपर्यंत चालू ठेवावी लागेल, कारण हिपॅटायटिस ई या काविळीचा अधिशयन काळ, म्हणजे संसर्गापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ, दोन महिन्यांपर्यंत असतो. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची जी मोठी साथ आली तिची आठवण इकडे अजून आहे. वस्तीत दोन गरोदर स्त्रिया आहेत. गरोदरपणात, त्यातही शेवटच्या तिमाहीत, ही कावीळ जिवावर बेतते, म्हणून त्या दोन्ही घरांत आरोग्यसेविका दर आठवड्याला जाणार आहे आणि दोघींसाठी पाणी उकळून ठेवण्याचे घरच्यांनी मान्य केले आहे.

शुक्रवार, १८ जुलै

नाना परत आले. आल्या दिवशी घरी न जाता ते आधी टाकीवर गेले, असे पुतण्याने सांगितले. मोटारीच्या खोलीच्या भिंतीवर आता रंगाने लिहिले आहे: टाकी पूर्ण असेल तर एक वाटी, अर्धी असेल तर अर्धी वाटी, टाकी रिकामी असेल तर पाणी सोडायचे नाही आणि ग्रामसेवकांना फोन करायचा. नाना, पुतण्या आणि बचत गटाच्या एक ताई, अशा तिघांनी माझ्यासमोर निवळी करून दाखवली.

तक्त्यात तीन रकाने वाढवले: वीज नसल्यास, जलसुरक्षक नसल्यास, ओढ्याला पूर असल्यास. या तीन रकान्यांमुळे गावठाणही ‘कमी’ वरून ‘मध्यम’ वर आले. सरपंचांना ते रुचले नाही, पण त्यांनी तक्ता ठेवून घेतला.

शेवटच्या नळाशेजारच्या मावशींकडे गेल्या शनिवारी ओटीची बाटली आणि रंगांची पट्टी दिली होती. त्यांची सातवीतली नात रोज सकाळी पाणी आल्यावर पट्टीशी रंग ताडून वहीत लिहिते. सोमवारपासूनच्या पाच दिवसांचे आकडे आज उतरवून घेतले: ०.२, ०.२, ०, ०.१, ०.२. बुधवारी वीज गेली नव्हती आणि नाना गावातच होते, तरी त्या दिवशी शून्य का आले, ते उद्या पहाटे पाणी सुटताना व्हॉल्व्हवर उभे राहून पाहायचे आहे.